अनुभव नसताना आयटीतली पहिली नोकरी : नाशिकमध्ये राहून तयारी कोणत्या क्रमाने करायची

गेली काही वर्षं मी नाशिकमध्ये नव्या मुलामुलींच्या तांत्रिक मुलाखती घेतेय. येणारी मुलं कष्टाळू असतात, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून फी भरलेली असते. तरी बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. केलेल्या गोष्टी बरोबर असतात, पण क्रम उलटा असतो. आधी क्लास लावतात आणि नंतर कोणतं काम करायचं याचा विचार करतात. आधी पुण्यात कॉट बेसिसवर जागा घेतात आणि मग तिथे बसून बायोडाटा लिहितात. दाखवण्यासारखं काम हाती येईपर्यंत पैसे संपलेले असतात आणि घरून विचारणा सुरू झालेली असते.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. बीसीएस, बीसीए, बीई, डिप्लोमा झालेल्यांसाठी आहे, तसाच बीकॉम किंवा बीए करून आयटीकडे वळू पाहणाऱ्यांसाठीही आहे. अनुभव शून्य किंवा वर्षभराच्या आत, रोज दोन-तीन तास हाताशी आणि चार ते सहा महिन्यांची मुदत, एवढं मी धरून चालले आहे.

## सुरुवात करण्याआधी : हाताशी काय हवं

लॅपटॉप. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर सुरुवातीच्या सगळ्या कामांना पुरतो. जुना घेत असाल तर प्रोसेसर नीट पाहा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. दुकानदार ‘चालतंय ना’ म्हणून सातव्या पिढीचा गळ्यात मारतो आणि पुढे त्याला अपडेट मिळत नाहीत. घरात आधीच असा लॅपटॉप असेल तर तो टाकून देऊ नका. त्यावर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली) टाका. लिनक्स शिकायचंच आहे.

कागदपत्रं. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे ते शेवटी ठेवतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, पॅनवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. ऑफर आल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते आणि तेव्हा सात दिवसांत दुरुस्ती होत नाही. आजच दहावी, पदवी, आधार, पॅन आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवा. फरक असेल तर आधार किंवा पॅनची दुरुस्ती लगेच सुरू करा. सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा.

घरच्यांशी बोलणं. किती महिने पगाराविना चालेल, हा आकडा घरात बसून ठरवा आणि कागदावर लिहा. हे बोलणं टाळलं की चौथ्या महिन्यात घाई होते, आणि फसवणाऱ्यांचं घाईवरच पोट असतं.

*तपासणी : लॅपटॉप, नावांची दुरुस्ती आणि महिन्यांचा आकडा, या तिन्हींचं उत्तर तयार नसेल तर पुढे जाऊ नका. यात आठवडा गेला तरी चालेल.*

## टप्पा १ : कोणतं काम, ते आधी ठरवा

‘आयटीत जायचंय’ हे उत्तर पुरेसं नाही. पहिल्या नोकरीचे दरवाजे अनेक आहेत आणि प्रत्येकाची तयारी वेगळी आहे.

१. सपोर्ट किंवा सर्व्हिस डेस्क. लोकांच्या तक्रारी घ्यायच्या, तिकीट (तक्रारीची क्रमांकासह नोंद) नोंदवायचं, अडचण सोडवायची किंवा योग्य माणसाकडे पाठवायची. शिफ्ट असते. नवख्यांना घेण्याची तयारी इथे जास्त असते.

२. टेस्टिंग. सॉफ्टवेअर कुठे मोडतं ते शोधून नीट लिहून देणं. हाताने केलेल्या टेस्टिंगपासून सुरुवात होते, पण फक्त त्यावर फार काळ थांबता येत नाही. वर्षभरात ऑटोमेशनकडे, म्हणजे प्रोग्रॅमकडून तपासणी करून घेण्याकडे, वळावंच लागतं.

३. वेब डेव्हलपमेंट. सगळ्यात जास्त गर्दी इथे. स्वतः लिहिलेलं आणि इंटरनेटवर चालू असलेलं काहीतरी दाखवता आलं तरच टिकाव लागतो.

४. एमआयएस (कंपनीच्या कामाचे अहवाल तयार करणं) आणि डेटा. एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा), पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते-आलेख करणारं सॉफ्टवेअर). बीकॉम झालेल्यांना हा दरवाजा जवळचा आहे, कारण आकड्यामागचा व्यवहार त्यांना कळतो.

५. नेटवर्क आणि सिस्टम. राउटर, स्विच, सर्व्हर, बॅकअप.

६. ईआरपी (कारखान्याचे सगळे विभाग एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) सपोर्ट. नाशिकच्या मुलांना हा दरवाजा दिसतच नाही, याची मला हळहळ वाटते. अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांत स्टोअर, खरेदी, डिस्पॅच सगळं ईआरपीवर चालतं. चलन म्हणजे काय, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) कधी बनतं, स्टॉक का जुळत नाही हे ज्याला माहीत आहे, तो मेकॅनिकल डिप्लोमावाला असला तरी कारखान्याला हवा असतो. माझी पहिली नोकरी अंबडच्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातलीच होती. प्रिंटर दुरुस्त करता करता मी डेटाबेसपर्यंत पोहोचले.

आता कृती. तीन आठवडे रोज दोन, अशा साधारण तीस-चाळीस जाहिराती वाचा. अर्ज करू नका, फक्त वाचा. नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन आणि कंपन्यांच्या स्वतःच्या साइट्स. एका शीटमध्ये पदाचं नाव, गाव, मागितलेली कौशल्यं आणि मागितलेला अनुभव लिहा. तिसऱ्या आठवड्यात त्याच त्या चार-पाच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसू लागतात. तोच तुमचा अभ्यासक्रम. क्लासच्या पत्रकावरचा अभ्यासक्रम तुमचा नाही.

नेहमीची चूक म्हणजे मित्राने जे घेतलं तेच घेणं. दुसरी चूक म्हणजे दोन दरवाजे एकाच वेळी ठोठावणं. ‘जावा पण करतोय, डेटा सायन्स पण करतोय’ असं म्हणणाऱ्याला दोन्हीतलं खोलात काही विचारता येत नाही.

*तपासणी : ‘मी अमुक पदासाठी तयारी करतोय, कारण अमुक’ हे आजीला कळेल अशा एका वाक्यात सांगता येतंय का?*

## टप्पा २ : बारा आठवड्यांचं शिकणं

पदानुसार विषय बदलतील, पण चार गोष्टी सगळ्यांना लागतात : एसक्यूएल, लिनक्सच्या प्राथमिक कमांड, नेटवर्कची तोंडओळख आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन). पहिले चार आठवडे यांना द्या. पुढचे आठ आठवडे तुमच्या पदाच्या मुख्य विषयाला द्या, आणि तो एकच ठेवा.

पैसे खर्च न करता शिकण्याची सोय चांगली आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, पायथन, लिब्रेऑफिस अशा विषयांचे धडे मराठीतही आहेत. इंग्रजीच्या भीतीने मागे राहिलेल्यांनी तिथून सुरुवात करावी. एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवर शिकणं मोफत आहे, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची.

शिकताना व्हिडिओ पाहणं म्हणजे शिकणं नव्हे. वीस मिनिटं पाहा, बंद करा, आणि तेच न बघता स्वतः करा. अडलं की चूक काय आली ती वहीत लिहा, कशी सुटली तेही लिहा. ही वही पुढे मुलाखतीत उपयोगी पडते.

एआयला विचारून कोड लिहून घेणं आता सगळेच करतात, त्यात गैर काही नाही. फक्त तुमच्या नावावर ठेवलेल्या कोडमधली प्रत्येक ओळ तुम्हाला समजावता आली पाहिजे. मी मुलाखतीत एक ओळ पुसते आणि विचारते, आता काय होईल? ज्याने नुसती चिकटवलेली असते तो तिथेच थांबतो.

क्लास लावायचा का? चार आठवडे स्वतः शिकून पाहिल्यावर लावा. मग काय येत नाही ते तुम्हाला ठाऊक असतं, आणि क्लासमध्ये नेमके प्रश्न विचारता येतात. फी भरण्याआधी एवढं विचारा : शिकवणारी व्यक्ती नक्की कोण, तिचा एक पूर्ण तास बसून पाहता येईल का, फी हप्त्यांत आहे का, मध्ये सोडल्यास किती परत मिळेल. सगळी उत्तरं लेखी घ्या. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असेल तर गेल्या बॅचमधल्या दोघांशी बोलू द्या म्हणा. माझ्या धाकट्या भावाने एका क्लासला पूर्ण फी एकदम भरली होती. तिसऱ्या आठवड्यात शिकवणारे सर सोडून गेले, आणि प्लेसमेंट म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या जाहिराती निघाल्या. पावतीवर परताव्याची अट नव्हती, त्यामुळे एक रुपयाही परत आला नाही.

⚠ *सावध : क्लासची फी कर्जावर भरायला सांगत असतील तर करार कोणाशी होतोय ते वाचा. क्लास बंद पडला तरी फायनान्स कंपनीचा हप्ता चालूच राहतो.*

## टप्पा ३ : एका खऱ्या माणसाचं खरं काम

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. नोकरी मिळण्या न मिळण्यातला फरक मात्र मला सगळ्यात जास्त इथेच दिसतो.

बायोडाट्यात ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टम’ लिहिलेले शंभरातले कितीतरी जण भेटतात. ती लायब्ररी कुठेच नसते. वापरणारा माणूस नसतो, त्यामुळे तक्रार नसते, आणि तक्रार नसल्यामुळे सांगण्यासारखं काही घडलेलं नसतं.

एकदा मोहाडीकडची एक मुलगी मुलाखतीला आली होती. गावाजवळच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये हिशेब ठेवणाऱ्या काकांना तिने मदत केली होती. एक एक्सेल शीट होतं, दीडेक हजार ओळींचं. गावाचं नाव कुठे ‘मोहाडी’, कुठे ‘मोहाडि’, कुठे ‘मु. मोहाडी’, म्हणजे बेरीज करताना एका गावाची तीन गावं. माल कुठे किलोत, कुठे क्रेटमध्ये. तारखा काही ठिकाणी तारखा म्हणून, काही ठिकाणी नुसता मजकूर. तिने आधी गावांची एक यादी केली आणि त्या रकान्यात यादीतूनच निवडता येईल अशी सोय केली. मग क्रेटचे किलो करायला बसली. पण सूत्र लिहिण्याआधी ती काट्यावरच्या माणसाकडे गेली आणि विचारलं, भरलेल्या क्रेटचं वजन धरता की रिकाम्या क्रेटचं वजा करून? तेव्हा कळलं की दोन माणसं दोन पद्धतीने लिहीत होती. संध्याकाळचा ताळा का जुळत नाही, याचं उत्तर काट्यावर सापडलं. महिन्याभराने नवीन गावचा माल आला, तिची यादी त्या गावाचं नाव घेईना आणि काकांनी फोन केला. मग तिने काकांना स्वतः गाव वाढवता येईल अशी दुरुस्ती केली.

पुढची पंचवीस मिनिटं आम्ही फक्त त्या शीटबद्दल बोललो. तिला घेतलं.

असं काम कसं मिळवायचं, ते क्रमाने सांगते.

१. ओळखीच्या दहा जागांची यादी करा : मेडिकल, पतसंस्था, सोसायटीचं ऑफिस, शाळा, दवाखाना, कृषी सेवा केंद्र, मामाचं वर्कशॉप.

२. ‘तुम्हाला वेबसाइट करून देऊ का?’ असं विचारू नका. ‘रोजच्या लिहिण्यात, हिशेबात कशाचा त्रास होतो?’ असं विचारा आणि अर्धा तास नुसतं ऐका.

३. वेळ पाहून जा. द्राक्षवाल्यांकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन काढणीत जाऊ नका. पावसाळ्यात ते निवांत बोलतात. चार्टर्ड अकाउंटंटकडे जुलै-सप्टेंबरमध्ये रिटर्नची धांदल असते.

४. दोन ते चार आठवड्यांत संपेल एवढंच काम घ्या आणि काय करणार, काय नाही, हे पाच ओळींत लिहून द्या. नाहीतर काम वाढत जातं, शेवटी अर्धवट राहतं आणि संबंध बिघडतात.

५. मूळ फाइलची प्रत काढूनच हात लावा. हा नियम कधीही मोडू नका.

६. काम झाल्यावर एक पान लिहा : त्रास काय होता, काय केलं, कुठे चुकलं, आता काय फरक पडला. फरक मोजून लिहा, म्हणजे आधी किती वेळ लागायचा आणि आता किती.

वेब डेव्हलपमेंटवाल्यांनीही हेच करायचं, फक्त हत्यार वेगळं. टेस्टिंगवाल्यांनी एखाद्या ओळखीच्या दुकानाचं किंवा संस्थेचं ॲप परवानगी घेऊन तपासावं आणि सापडलेले दहा दोष नीट लिहून द्यावेत. नेटवर्कवाल्यांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबची तारांपासून आयपीपर्यंत (नेटवर्कवरचा प्रत्येक कॉम्प्युटरचा क्रमांक) नोंद करून द्यावी.

⚠ *सावध : गिटहबवर (कोड ठेवण्याची आणि दाखवण्याची साइट) काम टाकताना खरी नावं, फोन नंबर, खाते क्रमांक, पासवर्ड काहीही जाता कामा नये. नमुन्यादाखल बनावट नोंदी टाका. ग्राहकांची माहिती उघड्यावर टाकणाऱ्याला कोणी कामावर घेत नाही.*

## टप्पा ४ : बायोडाटा

आता लिहा, आधी नाही. एक पान. सगळ्यात वर नाव, फोन, ईमेल, गाव, लिंक्डइन आणि गिटहब. लगेच खाली तिसऱ्या टप्प्यातलं काम, मग कौशल्यं, मग शिक्षण. धर्म, वडिलांचा व्यवसाय, ‘वरील माहिती सत्य आहे’ ही प्रतिज्ञा, छंद म्हणून क्रिकेट, हे सगळं काढा.

फरक कुठे पडतो ते एका ओळीत दाखवते. मुलं लिहितात : ‘एक्सेल व एसक्यूएलचे उत्तम ज्ञान.’ त्याऐवजी : ‘द्राक्ष पॅकहाऊसच्या १,५०० नोंदींतली गावांची नावं व वजनाची एककं एकसारखी केली, रोजचा ताळा दीड तासाऐवजी पंधरा मिनिटांत होतो.’ दुसऱ्या ओळीवर मला दहा प्रश्न सुचतात. पहिलीवर एकही नाही. तुमचा बायोडाटा इंग्रजीत असेल, पण ओळीची बांधणी अशीच ठेवा.

दोन रकान्यांचे, रंगीत पट्ट्यांचे टेम्प्लेट टाळा. कंपन्यांची छाननीची सॉफ्टवेअर्स ते नेहमी नीट वाचत नाहीत. फाइल पीडीएफमध्ये ठेवा आणि तिला स्वतःचं नाव द्या. ‘न्यू रिझ्युम फायनल २’ नावाच्या फाइल मी रोज पाहते.

शिक्षणात खंड पडला असेल, बॅकलॉग असेल, तर तो लपवू नका. एका वाक्यात कारण सांगता आलं की विषय तिथेच संपतो.

⚠ *सावध : खोटा अनुभव कधीही लिहू नका. ‘दोन वर्षांचं अनुभवपत्र, सॅलरी स्लिपसकट’ विकणारे लोक तुम्हाला भेटतील. कंपन्या पडताळणीत पीएफच्या यूएएनवरची (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक) नोकरीची नोंद पाहतात. जिथे पीएफ भरलाच नाही तिथली दोन वर्षं तिथे दिसत नाहीत. सहा महिन्यांनी पकडलं गेलं तरी नोकरी जाते, आणि पुढच्या ठिकाणी त्याचं उत्तर देता येत नाही.*

## टप्पा ५ : अर्ज, आणि पुण्याला कधी जायचं

आठवड्याला दहा अर्ज पुरेत, पण प्रत्येक जाहिरात वाचून. एका रात्रीत दोनशे ठिकाणी बटण दाबण्याने काही हाती लागत नाही. शीटमध्ये तारीख, कंपनी, पद, कोणाला लिहिलं आणि उत्तर याची नोंद ठेवा. साधारण चाळीस अर्जांनंतर एकही फोन आला नाही तर दोष बायोडाट्यात आहे. फोन येतात पण पुढे जात नाही, तर दोष मुलाखतीत आहे. नोंद नसेल तर हे कळणारच नाही.

अर्जांचा क्रम असा ठेवा.

आधी ओळखीतून. कॉलेजचे सीनियर, तुम्ही काम करून दिलेला माणूस, लिंक्डइनवरचे गाववाले. ‘सर, काही जॉब असेल तर सांगा’ असा मेसेज पाठवू नका. असा पाठवा : ‘नमस्कार सर, मी तुमच्याच कॉलेजचा, २०२४ ची बॅच. तुमच्या कंपनीत सपोर्टची जागा आहे, त्यासाठी अर्ज करतोय. मी एका शाळेच्या लॅबची नेटवर्क नोंद केली आहे, लिंक सोबत आहे. अर्जाआधी काय सुधारू, एवढं सांगाल का?’ याला उत्तर येतं, कारण मागितलेली गोष्ट देता येण्याजोगी आहे.

मग नाशिक. सातपूर, अंबड, सिन्नरचे कारखाने, रुग्णालयं, सहकारी बँका, बीपीओ आणि छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या. कारखान्यांच्या अनेक जागा जाहिरातीत येतच नाहीत. बायोडाटा घेऊन एचआरकडे जाणं इथे अजूनही चालतं. सकाळी अकराच्या सुमारास जा.

सोबत अप्रेंटिसशिप. पदवी आणि डिप्लोमावाल्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना, म्हणजे नॅट्स, आहे. नोंदणी मोफत आहे, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. वर्षभराचा किंवा जास्त अनुभव असेल तर पात्रता जाते, म्हणून हा मार्ग सुरुवातीलाच पाहा.

मग पुणे, मुंबई. अंतर पुण्याला साधारण २१० किलोमीटर, मुंबईला १७० च्या आसपास. पहिली फेरी बहुतेक ठिकाणी ऑनलाइन होते, त्यामुळे मुलाखतींसाठी आधीच पुण्यात राहायला जाण्याची गरज नाही. प्रत्यक्ष बोलावलं तर शक्यतो आदल्या दिवशी जा. चाकणचा ट्रॅफिक कोणासाठी थांबत नाही, पहाटेची एसटी पकडूनही अकराची वेळ चुकलेली मुलं मी पाहिली आहेत. हिंजवडीला जायचं असेल तर शिवाजीनगरपर्यंत न जाता नाशिक फाट्याला उतरणं सोयीचं पडतं. जागा भाड्याने घ्यायची ती ऑफर लेटर हातात आल्यावर.

⚠ *सावध : नोकरीसाठी रजिस्ट्रेशन, लॅपटॉप डिपॉझिट, ट्रेनिंग चार्ज, पडताळणी फी, कोणत्याही नावाने पैसे मागितले की थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.*

## टप्पा ६ : मुलाखत

तयारीचा निम्मा वेळ स्वतःच्याच कामावर द्या. तिसऱ्या टप्प्यातलं काम तीन मिनिटांत सांगायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि ऐकायचं. पाच वेळा तरी करा. इंग्रजी अडखळत असेल तर वाक्यं छोटी करा. पाठ केलेलं लांब वाक्य मध्येच तुटतं, छोटं तुटत नाही.

सपोर्टच्या उमेदवारांना मी एक प्रश्न नेहमी विचारते : अकाउंट्समधल्या ताईंचा फोन आला, नेट चालत नाही. काय कराल? बरेच जण म्हणतात, राउटर रीस्टार्ट करीन. म्हणजे एका ताईंसाठी सगळ्या ऑफिसचं नेट बंद. मला ऐकायचं असतं ते असं : फक्त त्यांचंच बंद आहे की सगळ्यांचं? कधीपासून? एकच साइट की सगळ्या? वायफाय आहे की केबल? मग आयपी मिळालाय का पाहीन, राउटरला पिंग करीन (तिथपर्यंत संपर्क होतो का ते तपासणारी कमांड), मग बाहेरच्या एखाद्या आयपीला, मग नावाने. आकड्याने पोहोचतंय पण नावाने नाही, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी शोधणारी सोय, तपासीन. यात पाठांतर काहीच नाही. एकेक शक्यता बाद करत जाण्याची सवय आहे, आणि ती घरच्या वायफायवरही लावता येते.

उत्तर येत नसेल तर गप्प बसू नका, थापही मारू नका. ‘हे मी केलेलं नाही, पण मी अमुक ठिकाणी पाहीन’ असं म्हणा. नवख्याकडून मी सगळ्या उत्तरांची अपेक्षा ठेवत नाही.

*तपासणी : घरी परतताना गाडीतच सगळे प्रश्न लिहून काढा. पुढच्या मुलाखतीत त्यातले निम्मे पुन्हा येतात.*

## टप्पा ७ : ऑफर वाचणं आणि पहिलं वर्ष

आनंदात सही करू नका. एक रात्र जाऊ द्या.

पगार. ३ लाखांचं पॅकेज म्हणजे महिना २५,००० हातात नव्हे. मूळ पगार १२,५०० धरला तर कंपनीचा पीएफचा वाटा १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० बहुतेकदा त्या २५,००० मध्येच मोजलेले असतात. मग तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात येतात सुमारे २१,२००. (महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर व्यवसाय कर नाही.) पुण्यात राहणं, जेवण आणि प्रवास यातून भागतो का, ते याच आकड्यावर ठरवा. नाशिकमध्ये घरी राहून मिळणारे १६,००० कधी कधी जास्त उरतात.

बॉण्ड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार. रक्कम किती, किती महिन्यांचा, कोणत्या तारखेपासून आणि दिवस जातील तशी रक्कम कमी होते का, हे चार मुद्दे पाहा. ‘बॉण्डला काही अर्थ नसतो’ हे मित्राचं बोलणं खरं धरू नका. तसंच लिहिलेली रक्कम जशीच्या तशी वसूल होतेच असंही नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच पाहिली जाते. रक्कम मोठी असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

⚠ *सावध : मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, प्रती द्या, मूळ परत घ्या. त्या अडकल्या की पुढची नोकरीही अडकते.*

रुजू झाल्यावर पहिले तीन महिने वही सोडू नका. एकच गोष्ट दोनदा विचारायची वेळ येऊ नये म्हणून पहिल्यांदाच लिहून घ्या. दर महिन्याच्या शेवटी अर्धा तास काढून त्या महिन्यात काय सोडवलं, किती तिकिटं, कोणता दोष, किती वेळ वाचला, हे लिहा. गुप्त माहिती न घेता, फक्त स्वतःच्या कामाबद्दल. वर्षभराने पगारवाढीचं बोलणं किंवा नवा बायोडाटा या नोंदींतूनच तयार होतो.

सपोर्टमध्ये असाल तर पहिल्या वर्षातच एसक्यूएल किंवा स्क्रिप्टिंगचं (छोट्या प्रोग्रॅमने रोजची कामं आपोआप करणं) एखादं काम मागून घ्या. तीन-तीन वर्षं तेच पासवर्ड रीसेट करत बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी दुसरं काम कधी मागितलेलंच नव्हतं. चार हजार जास्त मिळतात म्हणून सहाव्या महिन्यात उडी मारू नका, दीड-दोन वर्षं तरी काढा. पगार वेळेवर होत नसेल, किंवा पीएफ कापतात पण पासबुकात दिसत नसेल, तर मात्र थांबू नका.

सोडताना राजीनामा ईमेलने द्या आणि नोटीस पूर्ण करा. अनुभवपत्र, शेवटच्या तीन सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ हातात घ्या. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन द्या, दुसरा काढू देऊ नका. दोनेक महिन्यांनी पीएफच्या साइटवर जाऊन जुन्या कंपनीने तुमची सोडल्याची तारीख भरली आहे का, ते पाहा.